कुत्री धाडली आहे, त्याबद्दल

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मुक्काम आष्टा
कार्तिक वद्य पंचमी, इंग्रजी साल सेहेचाळीस (असं कॅलेंडरावर हाय)

पाटणच्या मोठ्या घरच्या विहीणबाई दगडाबाई यांस आष्ट्याहून बनुबाईचा वाकून नमस्कार. (वयानं मी तुमच्यापेक्षा दोन उन्हाळे मोठी हाय, पण मुलीकडची पडले, म्हणून वाकते. कंबर तशी आपोआपच वाकलेली हाय, तवा जास्त कष्ट पडत न्हाईत.) इकडं सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा हाय? गेल्या साली तुमी एरंडेल चोळत होता. त्यापेक्षा निरगुडीच्या पाल्यानं शेका असं मी तवाच सांगितलं होतं, पण मुलीकडच्यांचा पाला कोण शेकतो. असो. दिवाळी बरी झाली. करंज्या उकलल्या, त्या सुनेनं केल्या होत्या. लाडू चांगले झाले, ते मी वळले होते. अक्षराला हसू नये. मला शाळा दोन पावसाळे मिळाली आणि तिसऱ्या पावसाळ्यात लगीन झालं. पुढं सयाजी लढाईवर गेला. लेकाची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची म्हंजे सगळ्या गल्लीनं ऐकायची, म्हणून पन्नाशी उलटल्यावर पाटी हातात घेतली. लढाई संपली, सयाजी घरी आला, आता तो आणि मी एकाच घरात बोलत न्हाई, पण अक्षर तेवढं ऱ्हायलं.

जोतीराम जावईबापूंचं पत्र दसऱ्याला पोचलं. आमच्या शालूला दिवस गेले, तिसरा संपत आला, हे वाचून देवापुढं साखर ठेवली. त्याच पत्रात अगदी खाली, जिथं कागद संपतो तिथं, बारीक अक्षरात लिहिलंय की रस्ते खराब हायत, मोटारीला हिसके बसतात, तवा पहिलं बाळंतपण पाटणलाच करावं असं आईचं मत हाय. वाचलं. दोनदा वाचलं, अक्षर बारीक होतं म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे तुमाला मी सांगायला नको, तुमचंही तसंच झालं असेल. पण त्याबद्दल मी काही लिहीत न्हाई. हे पत्र मी कुत्रीबद्दल लिहितेय.

तर कुत्री. हे पत्र तुमच्या हातात पडेल तवा ती तुमच्या अंगणात तुळशीच्या सावलीला जीभ काढून बसलेली असेल, कारण दोन्ही एकाच माणसाबरोबर येतायत. बिराप्पा धनगर पत्र मुंडाशात खोवून आणील आणि कुत्री त्याच्या मागनं येईल. पोस्टात टाकलं असतं तर तीन दिवसांत पोचलं असतं, पण आमचा पोस्टमन कार्ड देण्याआधी त्यातला मजकूर दारातच सांगतो, आणि पाकीट असलं तर उजेडाला धरतो. बिराप्पाला वाचता येत न्हाई. मेंढराच्या पावलानं पंधरा दिवस लागतील. लागू देत. कुत्रीचा विषय हाय, शिळा होत न्हाई.

बिराप्पा तुमाला माहीत हाय, कुत्री पण माहीत हाय, तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तुमच्या आणि माझ्या माहितीत फरक पडतो. हा बिराप्पा जतकडचा. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाणी न पिता जातो. त्यामुळं दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन उगवतीकडनं मावळतीकडं निघतो. आमच्या भुईमुगाच्या मोकळ्या रानात पाचसहा दिवस कळप बसवतो, आमच्या रानाला खत मिळतं, त्याला आमी दाणे देतो, भाकरी देतो. मग कऱ्हाडावरनं तुमच्याकडं पाटणला, तुमच्या रानात तसाच बसतो, आणि पुढं घाट उतरून कोकणात. वैशाख संपता संपता परत. गेली पंधरा वर्षं असंच चाललंय. आपली सोयरीक जमली ती पण त्याच्याच तोंडनं. तुमच्या घरी मुलगा हाय हे त्यानं मला सांगितलं आणि माझ्या घरी मुलगी हाय हे तुमाला. (तुमच्या स्वभावाबद्दल काही सांगितलं न्हाई. मेंढरांत ऱ्हाणारा माणूस, त्याला सगळे गरीबच दिसतात.)

पहिल्या साली त्याच्या कळपाला भाकरी द्यायची तवा मी भाकरीच्या दोन थप्प्या केल्या होत्या. एक चांगल्या ज्वारीची माणसांना, एक कोंड्याची कुत्र्यांना. फडकी एकसारखी होती, सुनेनं अदलाबदल केली. संध्याकाळी रानात गेले तर त्याच्या कळपाची कुत्री चांगल्या ज्वारीच्या भाकरीवर पाय ठेवून बसलेली, आणि बिराप्पा कोंड्याची भाकरी मन लावून चावतोय. मला बघून म्हणाला, आज्जे, तुमच्याकडची ज्वारी जरा जाड दळती वाटतं, पण ग्वाड हाय. तवापासनं एकाच पिठाच्या भाकरी करते, माणसाला आणि कुत्र्याला. त्यात लाजेचा भाग जास्त हाय, धर्माचा कमी.

ही पांढरी कुत्री आमच्याकडं कशी पडली तेही ऐका. पाच वर्षांमागं कळप कोकणातनं परत येत होता, आभाळ भरून आलं होतं, आणि हिनं आमच्या कडब्याच्या गंजीत घुसून चार पिल्लं घातली. बिराप्पाला थांबता येईना, त्याच्या गावची पेरणी होती. तो म्हणाला, आज्जे, दिवाळीला नेतो. मी म्हटलं, माझ्या गंजीचं काय. तर तो पुढं गेला पण होता. तेव्हापासनं कुत्रीनं स्वतःच नियम केला. पावसाळाभर आष्टा, दिवाळी झाली की कळपाबरोबर मावळतीला, आणि मृग लागायच्या आत परत आमच्या गंजीपाशी येऊन बसायचं. बिराप्पानं शिट्टी मारली तरी तिथनं पुढं उगवतीला जायचं न्हाई. एवढी शिस्त आमच्या सयाजीला पलटणीत सहा वर्षं काढून लागली न्हाई.

तिला मी नाव ठेवलेलं न्हाई. उगीच माया नको. बिराप्पा तिला ढवळी म्हणतो. मी नुसतं ‘अगं ए’ म्हणते, तेवढ्यात येते. (सून पण येते. त्यामुळं जरा घोळ होतो. एकदा भाकरीचा तुकडा पुढं धरून मी ‘अगं ए’ म्हटलं आणि दोघी दारात उभ्या. सुनेनं आठ दिवस अबोला धरला. कुत्रीनं धरला न्हाई.)

घरचं म्हणावं असं कुत्रं आमचं एकच, जमादार. ते सयाजीनं रजेवर येताना साताऱ्याहून कोटाच्या खिशात घालून आणलं. तवा मुठीएवढं होतं, आता खाटेएवढं हाय आणि बहुतेक वेळ खाटेवरच असतं. आमच्या शेजारी लालासाहेब ऱ्हातात, ते खरेखुरे जमादार, पेन्शनीत आलेले. मी सकाळी अंगणात उभी राहून ‘जमादारा, ऊठ मेल्या, ऊन डोक्यावर आलं’ असं ओरडायची, आणि पलीकडं ते दचकून उठून मिशीला पीळ देत बाहेर यायचे. शेवटी एक दिवस सांगायला आले की बाई, कुत्र्याचं नाव बदला. मी म्हटलं, त्याला हाक कळायला दीड साल लागलं, आता दुसऱ्या नावाला मी पुरणार न्हाई, तुमीच बदला. मग त्यांनी विचार केला आणि लवकर उठायला लागले. आता दोघांचं बरं जमतं. लालासाहेब संध्याकाळी त्याला लढाईतल्या गोष्टी सांगतात. तो डोळे मिटून ऐकतो.

हा जमादार थंडीत गुऱ्हाळावर मुक्कामाला असतो. तुमच्याकडं डोंगर, तुमाला आमचं गुऱ्हाळ दिसत न्हाई. मार्गशीर्षात उसाला तुरे येतात, सकाळी धुकं आणि तुरे ह्यात कोणतं काय ते कळत न्हाई, आणि मधनं चुलाणाचा धूर वर जातो तो जाता जाता विसरल्यासारखा थांबतो. हवेला रसाचा वास. माणसं बोलतात ती पण हळू बोलतात. त्या वासात माझ्यासारखी बाई पण मळीवर फिरणाऱ्या माश्यांकडं बघत बसते आणि सकाळ कुठं गेली ते कळत न्हाई. जमादारला तर तिथं स्वर्गच. मळी चाटायची आणि चुलाणाच्या उबेला पसरायचं. दोन सालांमागं तो निवत ठेवलेल्या गुळावर जाऊन बसला. ऊब लागली असेल. उठवला तवा गुळात चार पंजे आणि एक शेपूट उमटली होती. शेपूट पुसता आली, पंजे घट्ट झाले होते. तशाच ढेपा सांगलीच्या पेठेत गेल्या. आमी मान खाली घालून बसलो, आता व्यापारी काय म्हणतो. तर पुढच्या साली त्याचाच माणूस विचारत आला, पंजा छाप गूळ हाय का, गिऱ्हाईक मागतंय. (तुमाला गेल्या संक्रांतीला धाडलेली ढेप त्यातलीच होती असं सून म्हणते. मला काही आठवत न्हाई. तुमी गोड लागली असं कळवलं होतं, एवढं आठवतं.)

उन्हाळ्यात हाच जमादार रांजणाखालची ओली माती उकरून त्यात पोट टेकून पडतो. दुपारी सगळं गाव भट्टीत घातल्यासारखं गप्प असतं. मी उंबऱ्याशी बसून चिंचा फोडते आणि तो अर्धा डोळा उघडून माझ्याकडं बघतो, मी अर्धा डोळा उघडून रस्त्याकडं बघते. वैशाख अर्धा झाला की मी रोज बांधावर जाऊन येते. आंबा बघायला जाते. सून म्हणते, आत्याबाई, आंबा तर विहिरीच्या बाजूला हाय, तुमी मावळतीच्या बांधावर काय बघता. सुनांना फार दिसतं. मावळतीला आधी नुसती धूळ दिसते. मग धुळीला घुंगरं वाजतात. मग धूळच चालत येतेय असं वाटतं, हळू, काही घाई न्हाई, तिच्यात शेकडो पाय हायत आणि आवाज एकच. आणि धुळीच्या पुढं दहा पावलं एक पांढरं काहीतरी. मी लगेच घरात जाते आणि पाठ करून कामाला लागते. ती येते, गंजीपाशी जाऊन वास घेते, मग माझ्या लुगड्याच्या काठाला नाक लावून बसते. मी म्हणते, आलीस का. ती काही म्हणत न्हाई. आमचं एवढंच बोलणं.

आणि मग पावसाळा. विहीणबाई, ओल्या कुत्र्याचा वास आणि ओल्या घोंगड्याचा वास आणि चुलीत न पेटणाऱ्या शेणीचा धूर हे तिन्ही एकत्र झाले की आमचं आषाढातलं घर होतं. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून हुरमुंज उरला तर सयाजीच्या पोरांनी जमादारचे कान रंगवले. लालासाहेबांनी त्याला बघून सलाम ठोकला, कोणी मोठा साहेब आला असं वाटून. (त्यांना आता लांबचं दिसत न्हाई. जवळचं बघायची त्यांना आवड न्हाई.) पाऊस दिवसदिवस लागून ऱ्हातो. कौलांवर एकच सूर. मी वाती वळत बसते, ती पांढरी माझ्या पायाशी झोपते आणि झोपेत धावते. चारी पाय हलतात, मिशा थरथरतात, गळ्यातल्या गळ्यात काहीतरी बोलते. मला वाटतं तिला कोकण दिसत असेल. मी साठ वर्षांत आष्टा, सांगली, साताऱ्याचं कचेरीचं दार आणि तुमच्या पाटणचा ओटा एवढंच बघितलं. ह्या कुत्रीनं समुद्र बघितलाय. पहिल्या साली परत आली तवा तिच्या पायाच्या बोटांत बारीक रेती होती, आमच्या नदीची न्हाई, निराळीच, पांढरट. मी जिभेला लावून बघितली. खारट होती. मग तिला आंघोळ घातली आणि ते पाणी तुळशीला न घालता परड्यात फेकलं, कारण खारं पाणी झाडाला चालत न्हाई. पण फेकताना जरा वेळ लागला.

आता खऱ्या भानगडीकडं येते. ह्या जेष्ठात ती परत आली तवा दोन गोष्टी झाल्या. एक म्हंजे तिनं माझी भाकरी हुंगली आणि माझ्याकडं असं बघितलं की जसं तुमी माझ्या रुखवताकडं बघितलं होतं. बिराप्पाला विचारलं तर तो हसत म्हणतो, पाटणच्या वहिनी (म्हंजे तुमी) तिला तूप लावून भाकरी घालतात आणि राणी म्हणतात. राणी. विहीणबाई, मला एकदा सुद्धा तुमी ताईसाहेब म्हटलं न्हाई. आणि दुसरं म्हंजे तिच्या गळ्यात पट्टा होता. हिरव्या इरकली काठाची चिंधी, वेणीसारखी गुंफलेली. तो काठ मी ओळखला. शालूच्या लग्नात मी दिलेल्या लुगड्याचा. पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं न्हाई. माझ्या पोरीचं लुगडं फाडून कुत्र्याला पट्टा केला, एवढी विहिणीची मजल, असं मी लालासाहेबांना, सुनेला आणि पाणवठ्यावर चौघींना सांगितलं. (पाचवीनं आपणहून विचारलं.) मग एक दिवस ती चिंधी काढून धुवायला घेतली आणि गाठ बघितली. ती गाठ आमच्या घरची. वासराचं दावं बांधायला मी पोरीला शिकवली होती, डावीकडनं दोन आणि आतनं एक, ओढली तर घट्ट होते आणि तरी गळा आवळत न्हाई. ती दुसऱ्या कुणाला येत न्हाई. म्हंजे तुमी फाडलं नव्हतं. फाटलं असेल, आणि पोरीनं त्यातलं चांगलं बघून आपल्या हातानं बांधून इकडं धाडलं असेल. पाणवठ्यावर मी दुरुस्ती सांगितली, पण ती ऐकायला दोघीच होत्या. चिंधी टाकायला जिवावर आली, म्हणून ताकाच्या रवीला बांधली. दोरी म्हणून बरी हाय. रोज सकाळी हातात येते, एवढंच.

तर आता दिवाळी सरल्यावर बिराप्पा आला आणि म्हणाला, आज्जे, ढवळी थकली, घाट उतरताना मागं पडते, ही तिची शेवटची फेरी. पुढं तिला तुमच्याकडं ठेवू का पाटणला, ते तुमी दोघी ठरवा, माझ्याच्यानं दोन विहिणींत पडणं होणार न्हाई. शहाणा माणूस. म्हणून हे पत्र. कुत्रीवर हक्क कुणाचा, ते मी मुद्द्यानं लिहिते. तुमी तूप घालता हे खरं. पण वर्षातले सहा महिने ती इथं असते, तुमच्याकडं वीस दिवस. आणि मुख्य म्हंजे दोन सालांमागची गोष्ट तुमी विसरला नसाल. मार्गशीर्षात बिराप्पाचा कळप तुमच्या रानात बसला होता, ही पोटुशी होती, आणि एका सकाळी नाहीशी झाली. तुमी सगळी रानं शोधलीत, वाघानं नेली असं म्हणून मोकळ्या झालात. ती चौथ्या दिवशी इथं पोचली. पंचवीस कोस, एकटी, पोट जमिनीला टेकलेलं, पंजे फुटलेले, मधे कऱ्हाडचा पूल, गावोगावची उपरी कुत्री. आली ती थेट गंजीत शिरली आणि संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं. तिला तुमच्याकडं काय कमी होतं? तूप होतं, आडोसा होता, राणी म्हणत होते. पण वेळ आली तवा ती जिथं पहिल्यांदा बाळंत झाली होती तिथं निघाली, रस्ते खराब हायत का विचारत बसली न्हाई. हे मी कुत्रीबद्दल लिहितेय. दुसऱ्या कशाबद्दल मी काही म्हणत न्हाई.

असं सगळं असलं तरी भांडण नको. मी विचार केला, चार दिवस केला. तुमी मोठ्या मनाच्या हायसा असं तुमीच म्हणता. मला काय, कुत्रं असलं काय नसलं काय. म्हातारं कुत्रं म्हंजे पावसाळ्यात उंबऱ्यातली अडचण, ओलांडताना मीच एखाद्या दिवशी पडेन. माझ्याकडं जमादार हाय, तो काही करत न्हाई, म्हंजे त्याचा त्रासही न्हाई. तवा जड मनानं न्हाई, अगदी हलक्या मनानं, मी ही कुत्री कायमची तुमाला दिली. बिराप्पाला तसं सांगितलंय. शालूला आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांगावा. लहानथोरांना यथायोग्य. पत्राचं उत्तर पोस्टानं धाडलं तरी चालेल, आमच्या पोस्टमनलाही दिवस काढायचे असतात.

तुमची
बनुबाई

ता. क. कुत्री कायमची दिली असं वर लिहिलंय, ते फुकट दिली असं न्हाई. तुमच्या घरात एक आली तर एकीनं इकडं यावं, एवढा साधा व्यवहार हाय. शालूला माघात, सातवा लागला की धाडा. मोटारीला हिसके बसतात, तर गादी घालून बैलगाडीनं कऱ्हाडपर्यंत आणा, तिथनं सयाजी आमची गाडी घेऊन येईल. त्यानं लढाईत साहेबांच्या बंदुका हलू न देता नेल्या, बहिणीला नेता येईल.

ता. क. दुसरा. तुमी म्हणाल, बनुबाई, तुमीच पाटणला या आणि पोरीपाशी ऱ्हावा. विहीणबाई, तुमाला रीत माहीत हाय. लेकीला मूल झाल्याशिवाय मी तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. संक्रांतीला आले होते तवा घरनं तांब्या भरून आणला होता, आणि परतताना कोरड्या घशानं गेले, कारण तांब्या तुमच्या मांजरानं लवंडला. तर मला यायचंच झालं तर मी बिराप्पासारखी तुमच्या रानात उतरेन. पाल ठोकेन, तीन दगड मांडेन, माझं पीठ माझ्याबरोबर असेल, आणि पोर मोकळी होईपर्यंत हलणार न्हाई. सगळं पाटण विचारील, रानात कोण बसलंय. तुमी सांगा, विहीण बसलीय. बिराप्पा बसतो तवा रानाला खत तरी होतं. माझ्याकडनं तेवढाही फायदा न्हाई, हे आधीच लिहून ठेवते.

ता. क. तिसरा. कुत्रीचा खालचा एक दात पडलाय. भाकरी ताकात कुस्करून द्यावी. तूप लावलं तर मी बघायला नसणार.

ता. क. चौथा, आणि हा शेवटचा, कारण कागद संपला आणि बिराप्पा दारात उभा हाय. पत्र काल लिहून झालं होतं, आज सकाळी कळप उठला. मेंढरांभोवतीची वाघरीची जाळी गुंडाळली, घोड्यावर बिऱ्हाड चढलं, मेंढरं बांधापलीकडं गेली, घुंगरं लांब लांब गेली. कुत्री उठली न्हाई. बिराप्पानं तीन शिट्ट्या मारल्या. पहिल्या शिट्टीला तिनं शेपूट हलवली, दुसरीला कान, तिसरीला डोकं पायावर ठेवून डोळे मिटले. बिराप्पा मावळतीकडं तोंड करून म्हणाला, आज्जे, ऱ्हाऊ दे तिला, तिला आता समजलंय. मी तिला दोन शिव्या घातल्या, ऊठ म्हटलं, तुझ्यावर मी एवढं पत्र लिहिलंय. उठली न्हाई. गंजीतच हाय.

तवा विहीणबाई, हे पत्र एकटंच येतंय. देण्यासारखं माझ्याकडं काही ऱ्हायलं न्हाई. वरचा व्यवहार मोडला, तो मी खोडायला बसत न्हाई, शाई कमी हाय. कुत्री न घेताच पोरीला धाडा.